अमावास्येची कानस

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, चामड्याची. आत लाल मखमल आणि मखमलीत नखांच्या हत्यारांसाठी पाच खाचा. कात्री, चिमटा, कोरणी, कानस, आणि

(पाचवं काय होतं ते हरवलं. माझं बोलणं तिथं आलं की तुटतं. सांभाळून घ्या.)

मी विलायतेत बनले. गिरणीच्या साहेबाच्या मडमेबरोबर सोलापुरात आले. १९२९ साली मडम मायदेशी निघाली, तेव्हा तिनं मला शिवबाईच्या हाती दिलं. शिवबाई तिची मुलं सांभाळायची. "आमाला कसली नखांची थेरं!" म्हणत तिनं मला देवळीत ठेवलं. सणासुदीला कुंकू वाहिलं. मान मिळाला, काम नाही. असं दोन वर्षं.

मग ती अमावास्या.

शिवबाईची सून ईरम्मा घरी बसून हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला रेशीम मिळालं होतं. कारखानदार आप्पांनी बजावलं होतं, "सांजेला बघायला येतो. गाठीच गाठी दिसल्या तर पुन्ना सूतच भरायचं बग."

आणि भांडी घासताना तिचं नख चिरलं. रेशमाची तार नखात अडकली. तुटली. जोडली, पुन्हा अडकली.

"अत्ती, एवढं नख कापू का वो?" तिनं सासूला विचारलं.

"अमावास्येला? घर बुडवतीस काय!"

"मग रेशीम गेलं की हातचं," ईरम्मा रडवेली झाली.

शिवबाई उठली. तिनं मला देवळीतून काढलं. मडम नखं कशी घासायची, ते तिनं रोज पाहिलं होतं.

"कापू नये म्हणत्यात. घासू नये असं कोण म्हणलंय? आण हिकडं."

तिनं सुनेचा हात ओढून मांडीवर घेतला. लग्नाला चार वर्षं झाली होती. तो हात तिनं आज पहिल्यांदाच धरला. दोघींनाही ते कळलं.

"मडम झालीस की गं," शिवबाई म्हणाली आणि नखावर फुंकर मारली.

सांजेला आप्पांनी कांडीवरून बोट फिरवलं. "उद्यापासून रेशीमच ने," म्हणाले.

आता माझी कानस झिजून गुळगुळीत झालीय. तिनं काहीच घासलं जात नाही. तरी रोज दुपारी ईरम्मा हात पुढं करते आणि सासू तो मांडीवर घेते. या दोघींचे माझ्यावर फार उपकार आहेत. म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण देवळीत नको, हातात.

आणि ती पाचवी खाच? त्या दिवशी तुटलेली रेशमाची तार ईरम्मानं तिच्यात गुंडाळून ठेवलीय. अगदी बरोबर बसलीय.