न फुटणारी पट्टी

पहिला फटका पाठीत बसला तेव्हा टाकीमामा वॉल्व्हच्या खड्ड्यावर वाकून एकोणिसावा फेरा पुरा करत होते. फटका रबरी नळीचा होता. मामांनी चावी सोडली नाही. छातीएवढी उंच लोखंडी चावी, तिच्या डोक्यावर आडवा दांडा; तो धरून खड्ड्याभोवती बैलासारखं फिरायचं. टाकी धुण्याआधी रिकामी करायचा हा वॉल्व्ह पूर्ण उघडायला बेचाळीस फेरे लागतात, हे पालिकेत त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"अहो मामा, डोकं फिरलं का तुमचं?" पंक्चरवाला ओरडला. नळी त्याच्याच हातात होती. त्याचं दुकान टाकीच्या दक्षिणेकडच्या खांबाला टेकून, घर त्याच्यामागे. "चार दिवसांनी पाणी चढलंय आणि तुम्ही गटारात सोडताय?"

"वीस," मामा म्हणाले.

"काय वीस?"

"दोन तास द्या मला. टाकी रिकामी होऊ द्या, मग काय मारायचं ते मारा. सकाळी दारोदार फिरून सांगितलं, घरं सोडा म्हणून. हसलात सगळे."

"हसू नको तर काय करू? एकतीस वर्षं हेच सांगताय!"

मागे पन्नास-साठ माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात रिकामं भांडं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, जाडजूड पाइपातून पांढरं पाणी धो धो करत गटारात पडत होतं. एका बाईने बादली उगारली आणि मामांच्या डोक्यात घातली. कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं. मामांनी ते बाहीने पुसलं.

"बावीस."

एकतीस वर्षांपूर्वी, टाकीवर रुजू झाले त्याच महिन्यात, मामांना दक्षिणेच्या खांबावर केसाएवढी चीर दिसली होती. तेव्हाच्या म्हाताऱ्या ओव्हरसियरने त्यांना एक गोष्ट शिकवली: चिरेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटने बुजवायची, बाजूला तारीख कोरायची. काच शाबूत तर खांब जागेवर. काच तुटली तर खांब सरकतोय. "काच खोटं बोलत नाही," म्हातारा म्हणाला होता, "तिला बढती नको असते."

पहिली काच बारा वर्षं टिकली. पुढची आठ. मग चार, मग दोन, मग एकेक. दर वेळी मामा अर्ज द्यायचे आणि दर वेळी उत्तर यायचं: नवीन काच बसवावी. मामा बसवायचे. लोक त्यांना चिडवायचे, "मामा, टाकीला चष्मा लावलात का?"

मग पालिकेने वीस वर्षांचा देखभाल आराखडा केला. जाड पुठ्ठ्याचा, रंगीत नकाशांचा. त्यात टाकीच्या पानावर एक ओळ होती: काचेच्या पट्ट्या वारंवार फुटत असल्याने त्याजागी न फुटणाऱ्या प्रकारच्या पट्ट्या बसवाव्यात. दोन माणसं आली आणि प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून गेली. त्यानंतर तीन वर्षं प्रत्येक तपासणीत एकच शेरा पडत होता: पट्ट्या शाबूत.

पट्ट्या शाबूतच होत्या. फक्त त्या धनुष्यासारख्या वाकल्या होत्या.

सोमवारी मामांनी घरचा दाढीचा आरसा खाली काढला, हिरकणीच्या कटरने त्याची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि खांबावर बसवली. गुरुवारी सकाळी ती दोन तुकडे होऊन लोंबत होती. तीन दिवस. मामांनी लगेच पालिकेतल्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, आरसा तुटला."

"कसला आरसा? आराखड्यात आरसा नाही. आपल्या पट्ट्या कशा आहेत?"

"त्या तुटतच नाहीत, साहेब."

"मग झालं तर."

मामांनी फोन खिशात टाकला, दारोदार सांगून आले, मग पंप बंद केला आणि चावी खांद्यावर घेतली.

"एकतीस," मामा म्हणाले. आता आवाजात दम नव्हता.

"अरे, ओढा त्याला बाजूला!" मागून कुणीतरी म्हणालं. 'अहो' कधीच संपलं होतं. दोघांनी कंबरेला धरून खेचलं, पण मामांनी दांड्याला मिठी मारली होती. एक लाथ बरगडीत बसली. आत काहीतरी कट्‌कन वाजलं. दुसरी तोंडावर. पुढचा दात जिभेवर आला. तो मामांनी थुंकला आणि पाय रेटला. बत्तीस. ते ज्यांना ओळखत होते, ज्यांच्या पोरांना त्यांनी पंपाच्या हौदात पोहायला शिकवलं होतं, त्यांतले अकरा जण चाळीसाव्या फेऱ्यापर्यंत त्यांना मारत होते.

"बेचाळीस," मामा म्हणाले आणि थांबले.

"आता उलटा फिरव," पंक्चरवाला म्हणाला. त्याच्या हातात नळीऐवजी टायर काढायची टॉमी होती. "बंद कर म्हणतो ना!"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग शेजारी पडलेला हातभर लांब पाइप दांड्याच्या टोकावर चढवला आणि सगळं अंग टाकून त्याच दिशेला आणखी एकदा रेटलं. वॉल्व्ह किंचाळला. दर वर्षी याच वॉल्व्हला त्यांनी स्वतःच्या हाताने ग्रीस भरलं होतं. आतला दांडा मानेतून तुटला आणि चावी रिकामी, सैल फिरू लागली. आता तो कुणालाच बंद करता येणार नव्हता.

पाणी पडतच राहिलं.

मग टॉमी खाली आली. मामांचा उजवा हात अजून दांड्यावर होता. पहिल्या घावात दोन बोटं गेली, दुसऱ्यात मनगट मोडलं. तिसरा मामांना आठवत नाही.

टाकी दुपारी अडीचला रिकामी झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला दक्षिणेचा खांब गुडघ्यात मोडल्यासारखा बसला. टाकी तिरपी झाली, थोडी थांबली आणि पंपघरावर आणि पंक्चरच्या दुकानावर येऊन आदळली. मागची पहिली दोन घरं भुईसपाट झाली. घरांत कुणी नव्हतं. नळ कोरडे, म्हणून सगळी वस्ती दोन गल्ल्या सोडून टँकरपाशी रांगेत उभी होती. टाकीच्या सावलीत व्यालेली एक कुत्री आणि तिची चार पिल्लं मेली.

टँकरच्या रांगेत संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. "रिकामी केली म्हणूनच पडली. भरलेली असती तर वजनाने जागची हलली नसती!"

साहेब इस्पितळात आले ते टाइप केलेला जबाब घेऊनच. मामांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्यांनी कागद डाव्या हाताने डोळ्यांजवळ धरून वाचला. कलम एक: वॉल्व्हचा दांडा मी जाणूनबुजून तोडला. कलम दोन: टाकी अचानक रिकामी केल्याने तिचा तोल जाऊन ती कोसळली, ढिगाऱ्यात सर्व पट्ट्या शाबूत आढळल्या.

"पहिलं खरं आहे," मामा म्हणाले. "दुसरं खोडा."

"खोडता येत नाही, मामा. वर गेलंय."

मामांनी डावा अंगठा शाईत बुडवला आणि कलम एकच्या शेवटच्या शब्दाला चिकटून उमटवला. त्याच्याखाली, सहीच्या जागी, काही केलं नाही. एकतीस वर्षं रोज हजेरीवर झोकदार सही करणारा माणूस.

"बरं, मारणारे कोण होते? नावं सांगा."

"खाली बघत होतो," मामा म्हणाले. "फेरे मोजत होतो."

घरी आल्यावर आठवड्याने, दुपारी, दारात पंक्चरवाला उभा राहिला. खांद्यावर पाण्याचा वीस लिटरचा कॅन. मामींनी त्याला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो कॅन उतरवून उभाच राहिला. कुठे बघावं ते न कळून समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघू लागला. त्यात त्याचं कपाळ दिसत होतं, डोळे, नाक, मिशी. हनुवटी नव्हती. खालची कड वेडीवाकडी कापलेली.

"आरसा असा कशाने झाला, मामी?"

"त्यांना विचार."

तो मामांकडे वळला. मामा खाटेवर बसून होते.

"टाकीला लागला," मामा म्हणाले.

 मामांनी उठून तांब्या घेतला आणि डाव्या हाताने कॅनचं झाकण उघडायचा प्रयत्न केला. ते घट्ट होतं. बोटं घसरत होती. पंक्चरवाला खाली बसला, त्याने मामांचा हात हळूच बाजूला केला आणि झाकण स्वतः फिरवू लागला.

मामांचे ओठ सवयीने हलले. एक. दोन. तीन.