हिसारपासून सोबत

चंदीगडची इतर कुटुंबं सुट्टीत कसौलीला जातात. आम्ही वाळवंटात जातो. बाबा एअर फोर्समध्ये वैमानिक आहेत. आकाश त्यांना ऑफिसात पुरेसं मिळतं, सुट्टीत झाड नसलेली जागा लागते. कच्छच्या रणात रानगाढवं पाहून झाली. जैसलमेरला माळढोक पाहिला, म्हणजे बाबांनी पाहिला. आम्ही पाहणार तेवढ्यात माझी नऊ वर्षांची बहीण आर्या शिंकली. परतीच्या वाटेवर बाबा एक शब्दही बोलले नाहीत. ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांचे नियम दोनच. जनावर जवळ आलं तर हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि अभयारण्यातून काहीही घरी न्यायचं नाही, बुटातली वाळूसुद्धा. यंदा राजस्थानातल्या ताल छापर अभयारण्यातली काळविटं पाहून निघताना त्यांनी आमचे बूट, खिसे, आईची पर्ससुद्धा झाडून घेतली. अंथरुणाचा होल्डॉल मात्र त्यांनी पहाटे स्वतः गुंडाळला होता, आणि अधिकाऱ्याने बांधलेला होल्डॉल आमच्या घरात कुणी तपासत नाही.

तो मागच्या सीटवर माझ्या आणि आर्याच्या मध्ये होता. हिसारच्या आधीच ती त्यावर डोकं ठेवून झोपली. चंदीगडच्या वेशीवरचं झिरकपूर मागे पडलं आणि होल्डॉलमधून आवाज आला. आत कुणीतरी सँडपेपर घासत बसल्यासारखा.

"आई," मी म्हणालो, "फुरसं कसं वाजतं गं?"

आई देवगडची, फुरशांच्या मुलखातली. तिने मागे वळून पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. मग म्हणाली, "अहो, गाडी थांबवा. हळू. मागे अंडी ठेवल्यासारखी."

पुढे लाल सिग्नल होताच. आर्या झोपेत कूस बदलते, लाथा मारते, उशीत डोकं खुपसते. आज यातलं एकही करून चालणार नव्हतं. आई सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलचा रस्ता पुटपुटत होती, रामरक्षा म्हणावी तसा. सिग्नल हिरवा झाला. मागच्या थार जीपने हॉर्न दिला. होल्डॉलने उत्तर दिलं.

बाबा उतरून मागे गेले. थारवाल्या सरदारजींना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण सरदारजींनी इंजिन बंद केलं, उतरून मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. पुन्हा हिरवा झाला. कुणी हललं नाही. तिसऱ्यांदाही नाही. स्कूटरवरच्या एका बाईंनी हेल्मेटची काच खाली ओढली आणि पाय फूटबोर्डावर घेतले, त्यामुळे स्कूटर तिरकी होऊन सरदारजींच्या कमरेला टेकली. सरदारजींनी ती तशीच धरून ठेवली.

बाबांनी आर्याच्या बाजूचं दार उघडलं, तिच्या अंगावरून वाकले आणि दोन्ही तळवे तिच्या डोक्याखाली सरकवले. त्याआधी ते त्यांनी दोनदा पँटला पुसले होते. याच हातांनी ते विमान उतरवतात, हा विचार मी लगेच सोडून दिला. त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि होल्डॉल पट्टा धरून ओढला. होल्डॉल माझ्या मांडीवरून गेला तेव्हा पँटच्या आरपार आत काहीतरी वळलेलं मला कळलं. पुढच्या क्षणी तो रस्त्यावर होता आणि मी दुभाजकावरच्या बोगनवेलीत.

फुरसं बाहेर आलं. वीतभर. एवढंसं. स्वतःलाच घासत, रागाने फुगून. सरदारजींनी स्कूटर सोडली, आपला आइसबॉक्स त्याच्यावर उपडा घातला, वर बसले आणि वनखात्याला फोन लावू लागले.

"आर्या, ऊठ बाळा," बाबा म्हणाले.

तिने लगेच डोळे उघडले. त्यात झोप नव्हतीच.

"चला गया?" आर्याला मराठी सगळं समजतं, ती उत्तर हिंदीत देते.

"तू जागी होतीस?"

"हिसार से. आवाज आ रही थी." ती ओठसुद्धा फारसे हलवत नव्हती. "आपने ही कहा था ना. हिलना नहीं, बोलना नहीं."

हिसार ते चंदीगड, चार तास.  बाबा दारापाशी रस्त्यावरच बसले, जिवापाड जपलेल्या युनिटच्या ब्लेझरसकट.

"आता हल," ते म्हणाले. "बोल. ओरड माझ्यावर. ऐकतेस ना?"

तिने बोटही हलवलं नाही.

"बाबा, पक्का एक ही था?"

बाबांनी सीटखाली वाकून पाहिलं. पुढच्या सीटवर आईने दोन्ही पाय वर घेतले.