जखऱ्याची पाटी

"पाटी आणलीये मी," गटप्रमुख म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून पोरांची असते तसली पाटी बाहेर काढली. "जखऱ्याला दिली तशी आपण यांनाही देऊ."

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी जमायचं, शुभवर्तमान वाचायचं आणि त्यावर चिंतन करायचं, हा या गटाचा शिरस्ता. नाताळ दोन दिवसांवर आला की जखऱ्याचं वाचन येतं. मुका झालेला तो म्हातारा पाटीवर मुलाचं नाव लिहितो, योहान, आणि त्याची वाचा परत येते. नर्सबाईंनी हट्टाने हीच संध्याकाळ आपल्या घरासाठी मागून घेतली होती.

त्यांचा नवरा बस कंडक्टर होता. जिभेवर पोट भरलेला माणूस. चिंतन सांगायला लागला की लोकांचा चहा निवून जायचा आणि कुणाची तक्रार नसायची. झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. त्याला आता वर्ष उलटलं होतं. इतक्या दिवसांत न आलेला शब्द बहुधा येत नाही, हे नर्सबाई वॉर्डात दुसऱ्यांच्या बायकांना जन्मभर सांगत आल्या होत्या. पण आशा मोठी चिवट, हाकललं तरी उंबऱ्यात बसून राहते. नवऱ्याने आपलं नावच घ्यावं, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. नुसतं 'अगं' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

वाचन झालं. गटप्रमुखांनी पलंगावर बसवलेल्या नवऱ्याच्या मांडीवर पाटी ठेवली आणि पेन्सिल त्याच्या डाव्या हातात दिली. सगळे पाटीकडे बघत बसले.

पाटीवर एक वाकडी रेघ उमटली, मग तिच्यावर दुसरी. मग तो पाटीवर पेन्सिल आपटू लागला.

"यो काढलाय बघा. योहानाचा यो," गाणी म्हणणाऱ्या मावशी पुटपुटल्या. "डोळे कसे भरून आलेत. देवाची करणी."

नर्सबाईंनी नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. ती नजर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकावरूनही त्यांना ओळखू यायची. पेशंटला घाईची लागली, सांगता येत नाही, आणि आता उशीर झालाय. संपलं, त्यांना वाटलं, आता काही येणार नाही.

"तुम्ही सगळे जरा बाहेरच्या खोलीत बसता का?" त्या उठून म्हणाल्या. "त्यांना एकट्याने प्रार्थना करायचीये."

लोक चवड्यांवर चालत बाहेर गेले. गटप्रमुखांनी जाताना छातीवर क्रूसाची खूण केली. नर्सबाईंनी कडी लावली, मोरीतून कोमट पाणी आणलं आणि नवऱ्याला कुशीवर वळवून पायजमा उतरवला. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "होतं असं."

बाहेर आभाराचं गाणं सुरू झालं. मावशींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तीन कडवी झाली, गाणं संपलं, तरी दार उघडलं नाही, तेव्हा गटप्रमुखांनी हळूच टकटक केली.

"झाली का हो प्रार्थना?"

"थोडी राहिलीये," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवून पिळलं.