चालत दहा मिनिटं

"आठ मिनिटं लिहिलंय ना त्यांनी? मग तुम्हीही आठच लिहा. आपल्या पदरचं काय जातंय?"

साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मला काका म्हणतात, आणि काम अडलं की जरा जास्तच म्हणतात.

शहराच्या आराखड्यात मोकळी जागा म्हणून राखलेलं एक मैदान निवासी करायचं आणि तिथे चार इमारती उभ्या करायच्या, असा प्रस्ताव होता. असा प्रस्ताव धोरणाशी जुळतो की नाही हे तपासून अहवाल लिहायचा, हे माझं काम. एकतीस वर्षं तेच केलं. धोरणात एक कलम आहे. मैदान काढून घ्यायचं तर सर्व वयांच्या रहिवाशांना चालत दहा मिनिटांत पोचता येईल अशी दुसरी बाग हवी. बांधणाऱ्यांच्या सल्लागारानं लिहिलं होतं, हमरस्त्यापलीकडची बाग आठ मिनिटांवर आहे.

"नकाशावर पट्टी ठेवून मोजलंय, साहेब. मध्ये पादचारी पूल आहे. छप्पन्न पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या."

"पायऱ्या कधी मोजल्यात तुम्ही?"

मी फाइल उचलली.

पायऱ्या बायकोनं मोजल्या होत्या. शेवटच्या वर्षी तिची फुप्फुसं थकली. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालवा. आम्ही घरापासून याच मैदानातल्या बाकापर्यंत जायचो. बाकावर टेकली की ती मनगटावरचं घड्याळ बघायची आणि सांगायची, "अकरा. काल बारा लागली होती." एकदा तिनं हट्ट धरला, पलीकडची बाग बघायची. चोविसाव्या पायरीवर ती बसली. "अहो, अजून बत्तीस आहेत," म्हणाली. "खालूनच मोजून ठेवल्यात मी. चला, आपलं मैदान बरं."

ती जाऊन सात महिने झाले. घड्याळाचा पट्टा मला बसत नाही, म्हणून ते खिशात ठेवतो.

मी त्याच वस्तीत राहतो, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि शनिवारी सकाळी मैदानावर गेलो. तिथे नेहमी येणारे तिघं माझ्याबरोबर यायला तयार झाले. सातवा महिना लागलेली एक शिक्षिका, नातीला घेऊन आलेले एक आजोबा आणि शिलाईवाल्या ताई. ताई बायकोची मैत्रीण. आमच्या घरातल्या प्रत्येक कपड्याला कधी ना कधी त्यांचा टाका पडलेला.

"घड्याळ कसलं धरता, भाऊजी? मी काय शर्यतीची घोडी आहे?"

"नेहमी चालता तशा चाला. घाई नको."

"घाई? या गुडघ्यांना विचारा आधी."

पुलाच्या मध्यावर त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. खालून गाड्या जात होत्या.

"आठ मिनिटं कुणी लिहिली म्हणालात?"

"सल्लागारानं."

"आणा त्याला इथं. कागदावर रेघ ओढायला गुडघे लागत नाहीत म्हणावं."

शिक्षिकेला चौदा मिनिटं लागली, आजोबा आणि नातीला सतरा. ताई बागेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा सव्वीस झाली होती. सोमवारी मी तिन्ही आकडे लिहिले आणि खाली लिहिलं, धोरणाशी विसंगत, मंजुरीची शिफारस नाही.

साहेबांनी दार लावून घेतलं.

"काका, वर्षभरात निवृत्त होताय. सुखासुखी जा की. वरून फोन मला येतात."

"येऊ देत."

"आणि हे मोजलंय कुणाच्या चालीनं? एक म्हातारी, एक पोटुशी, एक पोर! सरासरी माणूस घ्या ना."

"कलमात सरासरी माणूस नाही, साहेब. सर्व वयांचे रहिवासी आहेत."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "काकूंचं दुःख मला कळतं. पण ते फाइलमध्ये आणू नका."

एकतीस वर्षांत मी या खोलीत कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"तिची वेळ फाइलमध्ये नाही. ती पोचलीच नव्हती. न पोचलेल्या माणसाला आपल्या तक्त्यात रकाना नाही."

"अहवाल बदला, काका."

"नाही बदलणार. आठ मिनिटं तुम्हाला बरोबर वाटत असतील तर तुमचा शेरा लिहा आणि त्याखाली तुमची सही करा. पानावर जागा सोडली आहे."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. मग 'पाहिले' एवढंच लिहिलं, छोटी सही केली आणि टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी माझं टेबल तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत गेलं. फाइल मात्र होती तशी समितीकडे गेली. समिती काय करील ते माहीत नाही. ज्याला आठ लिहायची असतील त्यानं आता आपल्या हातानं लिहावीत.

संध्याकाळी घरून मैदानाकडे निघालो. ती थांबायची तिथे तिथे थांबलो, गॅरेजच्या पायरीशी, दिव्याच्या खांबाशी, फाटकाला हात लावून. बाकावर बसलो आणि खिशातून घड्याळ काढलं.

एकट्याला चार मिनिटं लागतात. मी अकरा लावली.