अक्रोडाच्या झाडावर आळ

ग्रीसमधल्या पिंडोस डोंगराच्या उतारावरच्या आमच्या गावात कॉफीची दुकानं दोन. एक डाव्यांचं, एक राजाच्या माणसांचं. वैर इतकं जुनं, की या दुकानातली माशी त्या दुकानात बसून आली तर तिला कोणी आपल्या कपावर बसू देत नसे. पण सरकारने महायुद्धात जर्मनांशी लढलेल्यांना सन्मान द्यायचं ठरवलं, त्यानंतरच्या यादवीतलं रक्त विसरा म्हणून सांगितलं, आणि त्या सकाळी दोन्हीकडचे म्हातारे एकाच दुकानात, नावं नोंदवायला आलेल्या अधिकाऱ्यासमोर बसले. एका गोष्टीवर त्यांचं आधीपासूनच एकमत होतं: दुकानात बाई नको.

लाम्ब्रिनी घरी मसूर निवडत होती. तरुणपणी ती डोंगरावर जर्मनांशी लढणाऱ्यांना काडतुसं पोचवायची; तिथेच तिच्या पायात गोळी शिरली. पण पुरुषांसोबत डोंगरात राहून आलेली पोर म्हणजे नासलेलं दूध. म्हणून बापाने गावाला सांगितलं, अक्रोडावरून पडली. आणि थाप पक्की व्हावी म्हणून झाडच तोडलं. गावाने त्या झाडाला इतक्या शिव्या घातल्या, की शेजारचे अक्रोड वर्षभर भीतीने फळले नाहीत.

आता नातीचा साखरपुडा तोंडावर आला होता.

"आई, तुला सन्मान मिळेल आणि पोर घरात बसेल," मुलगा स्टेर्गिओस म्हणाला. "चाळीस वर्षं गप्प होतीस ना?"

तिने मसुरातला एक खडा काढून टाकला. मग खिडकीतून तिला थिमिओस दिसला, छाती काढून दुकानाकडे निघालेला. डोंगरावरच्या त्या दिवसांत जखमी थिमिओसला पाठीवर घेऊन तिने ओढा ओलांडला होता. तिने मसूर तसाच ठेवला आणि लंगडत चौक पार केला.

ती आत शिरून खुर्चीवर बसली. 

अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, सोबत लढलेला साक्षीदार कोण? तिने थिमिओसकडे पाहिलं. पण त्याच्याही घरात लग्नाच्या मुली होत्या. बाई सोबत होती म्हटलं की लोक पुढचं विचारणार. तळाचा गाळ वर येतो म्हणून आमच्याकडे कॉफी कोणी ढवळत नाही. थिमिओस ढवळू लागला.

स्टेर्गिओस दारात येऊन उभा राहिला. "आई, घरी चल."

"कशी चालू बाबा? झाडावरून पडलेय ना मी."

कोपऱ्यातून कोस्मास उठला. जर्मनांच्या वेळी त्यांचीच बंदूक खांद्यावर मिरवलेला माणूस.

"झाडावरून नाही पडली," तो म्हणाला. "ओढ्यात मीच गोळी घातली तिला. पाठीवर थिमिओस होता."

"शत्रूची साक्ष चालत नाही, काका," अधिकारी हळूच म्हणाला.

लाम्ब्रिनी उठली नाही. सगळे दोस्त, सगळे वैरी थिमिओसकडे पाहत राहिले. त्याचा चमचा फिरतोच आहे, आणि कपातला गाळ पार वर आला आहे.