उजवीकडचं चाक

दूध उतू गेलं की वहिनी म्हणायच्या, माझंच लक्ष नव्हतं. दिवा गेला की म्हणायच्या, मीच बटण जोरात दाबलं असेल. नवऱ्याचा चष्मा नवऱ्याच्याच खिशात सापडायचा, तरी म्हणायच्या, मीच नीट शोधला नाही. घरात कुठेही चूक सांडली की वहिनी फडकं घेऊन हजर.

तर त्या सकाळी फाटकाशी उभी असलेली गाडी एका अंगाला कलली होती, आणि वहिनी पायरीवरूनच म्हणाल्या, "माझ्यामुळेच झालं हे."

गाडी होती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मुलीची. वयाने ती वहिनींच्या लेकीएवढी, पण पहिल्या दिवशी घाबरून वहिनी तिला 'सर' म्हणून बसल्या आणि तेच नाव पडलं. टायर नवाकोरा, नुकताच बसवलेला. रात्री टणक, सकाळी मऊ. तो बसवणाऱ्या दुकानदाराने एकदा हवा भरून दिली आणि वर ऐकवलं, "टायर ठणठणीत आहे. तुमची शिकाऊ मंडळी फुटपाथला घासतात, त्याला मी काय करू?"

वहिनींनी फुटपाथला गाडी घासली होती, हे खरंच होतं. अगदी हळू, पण घासली होती. तो आवाज अजून त्यांच्या दातांत होता.

"सर, मी आता थांबते," त्या म्हणाल्या. "या वयात कशाला लोकांच्या गाड्या मोडायच्या."

"काकू, आणि बहिणीकडे कोण नेणार तुम्हाला?"

वहिनींची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तिच्याकडे जायचं म्हणजे मुलाला विचारायचं. मुलगा नाही म्हणायचा नाही, नुसता उसासा टाकायचा. त्या उसाशाला कंटाळून तर वहिनी स्टिअरिंगपाशी बसल्या होत्या. बहिणीची आठवण आली, की निघावं. मन भरलं, की परतावं. मध्ये कुणाचा उसासा नको. एवढंच मागणं.

सरने पायपंपाने चाकात जीव आणला आणि दोघी दुकानात गेल्या.

दुकानदार स्टुलावर बसून चहा पीत होता. गाडी पाहून तो उठलाही नाही.

"पुन्हा?"

"पुन्हा," सर म्हणाली. "या खेपेला चाक खोलून बघा."

"बघायचं काय त्यात? रिमला धक्का बसला की हवा जाणारच." त्याचं लक्ष वहिनींकडे गेलं. "या आजी शिकतायत का? मग बरोबर. आजी, फुटपाथ म्हणजे गाडी टेकवायचा कट्टा नव्हे."

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. वहिनींच्या ओठांवर 'चुकलं हो' आलंच होतं. अर्धं बाहेरही पडलं. आणि मान खाली घालताना त्यांची नजर चाकावर गेली.

त्या थांबल्या. गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, वाकून बघितलं, परत आल्या. स्वयंपाकघरात मिठाचा डबा जागेवर नसला की जशा बघतात, तशा बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "फुटपाथ डाव्या हाताला होता."

"बरं मग?"

"घासल्याची खूण डाव्या चाकावर आहे. त्यातली हवा गेलेली नाही. गेली ती या उजव्या चाकातली. हे चाक फुटपाथच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नाही."

सरने कपाळावर हात मारला. इतके दिवस तिच्याही लक्षात आलं नव्हतं. वहिनींनी दोष इतक्या तत्परतेने उचलला होता, की तो कुठल्या चाकाचा हे कुणी बघितलंच नाही.

दुकानदाराने पेला खाली ठेवला. "मग खिळाबिळा असेल."

"असेल तर दाखवा. मी इथे उभी आहे."

चाक निघालं, पाण्याच्या टाकीत बुडालं. रबर शांत. खिळा नाही, चीर नाही. पण टायरचा काठ जिथे रिमवर बसतो, तिथून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली, एकामागून एक, सावकाश, चुगली करावी तशी. टायर उतरवल्यावर काठाखाली गंजाचे पोपडे दिसले. रिम न घासता, न पुसता, त्यावर नवं रबर चढवलेलं.

"होतं असं कधीकधी," दुकानदार तारेचा ब्रश शोधत पुटपुटला.

आजवर अंगावर घेतलेलं वहिनींना आठवलं. दुधाचं, दिव्याचं, चष्म्याचं, सगळं एकदमच.

"असं होत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हलतही नव्हता. "असं कुणीतरी करतं. तुम्ही केलंत. आणि न बघता माझ्या नावावर टाकलंत, कारण मी घेईन हे तुम्हाला दिसलं. मी गाडी शिकणं सोडायला निघाले होते, माहितेय? माझी बहीण तिकडे पडून आहे, आणि मी तुमच्या गंजापायी सोडणार होते."

"आजी, करून देतो ना नीट."

"ते तर कराच. आधी म्हणा, चूक कुणाची."

दुकानदाराने सरकडे पाहिलं. सर छताकडे बघत होती. ब्रशचे दोन-चार फटकारे रिमवर बसले, गंज भुरूभुरू खाली पडला.

"माझी," तो म्हणाला.

"आणि मी तुमची आजी नाही."

"नाही, मावशी."

चाक जागेवर बसलं. सरने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि वहिनींकडे बघत स्वतः बाजूला सरकली. वहिनी आत बसल्या, आरसा सारखा केला. मागे एक ट्रक दुकानाच्या फाटकात शिरायला घाईला आला होता, भोंगा वाजवत होता.

"मावशी, जरा पटकन मागे घ्या," दुकानदार म्हणाला.

"पटकन जमत नाही मला," वहिनी काचेतून म्हणाल्या. "मी शिकतेय. त्याला थांबायला सांगा."

दुकानदार हात वर करून ट्रकपुढे जाऊन उभा राहिला. वहिनींनी मान वळवून मागे पाहिलं आणि क्लच सोडला, अगदी सावकाश.