विनुताचं पळणं

विनुता सहा वर्षांची होती तेव्हा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिला कुणी पकडू शकत नसे. मग पोंगलच्या सणाला सगळे पापनाशम गावी मामाकडे गेले. भाताची मळणी चालली होती. पोरांबरोबर पेंढ्यात उड्या मारता मारता विनुताला धाप लागली. इस्पितळ गाठेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. दम्याचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. पोर वाचली, पण तिची आई भुवना त्या दिवशी जी धसकली ती धसकलीच.

विनुताचं पळणं बंद झालं. सायकल नात्यातल्या मुलाला देऊन टाकली. शाळेत पीटीच्या तासाला तिला झाडाखाली बसवू लागले. पोर हिरमुसली की भुवना मुरुक्कूचा, तांदळाच्या चकल्यांचा, डबा पुढे करी, हातात फोन देई. "पळू नकोस गं राजा, मरशील," असं ती येता-जाता बजावत राही. चार वर्षांत विनुताचं वजन खूप वाढलं. जिना चढतानाही ती धापा टाकी. दमा वाढला, असं समजून भुवना तिला आणखी जपे.

ओळखीच्या डॉक्टर बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी कामाक्षी आल्या. त्यांनी विनुताला नीट तपासलं.

"ही सगळी धाप दम्याची नाही. हालचाल नाही म्हणून दम टिकत नाही, त्यात वजनाचा भार. इन्हेलर एक दिवसही चुकवू नका आणि हिला खेळू द्या. हळूहळू सुरुवात करा."

"तिचे निळे ओठ तुम्ही पाहिले नाहीत," भुवना फणकारली.

"नाही पाहिले," कामाक्षी शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर मला न घाबरता सांगता येतंय."

घरी आल्यावर विनुताचे वडील, नितीन, एवढंच म्हणाले, "मी कधीपासून हेच म्हणत होतो." भुवनाला ते फार लागलं. कारण ते खरं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती लेकीला शाळेच्या मैदानावर घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी इन्हेलर दिला. दोघी चालू लागल्या. अर्ध्या फेरीतच विनुताचा श्वास चढला. ती मटकन खाली बसली आणि छाती धरून रडू लागली.

"अम्मा, मी मरेन! घरी चल!"

भुवनाने वाकून कान दिला. छातीत दम्याची शिट्टी वाजत नव्हती. ओठ गुलाबी होते. "काही नाही गं, चाललं की श्वास चढतोच. सगळ्यांचाच चढतो."

"खोटं! तूच म्हणतेस मरशील म्हणून!"

खो-खो खेळणाऱ्या मुली थांबून बघत होत्या. भुवनाने हात दिला, पण विनुता उठेना. शेवटी ऑटो बोलावली. घर हाकेच्या अंतरावर होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर भुवनाने चपला घातल्या आणि दारातून हाक मारली. आत टीव्हीचा आवाज तेवढा मोठा झाला.